गावाकडच्या जागेत सेप्टिक टाकी बसेल का? नाशिक जिल्ह्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधताना दिशा पाहतात, रस्ता पाहतात, बोअरला पाणी लागेल का ते पाहतात. संडासाचं पाणी कुठे जाणार हा विषय बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर निघतो, आणि तोवर विहीर, घर, कुंपण सगळ्यांच्या जागा ठरून गेलेल्या असतात. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागांत घर बांधणाऱ्यांनी मला विचारलेले प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरं एका घरासाठी, म्हणजे पाच ते दहा माणसांसाठी आहेत. शाळा, मंगल कार्यालय किंवा लॉज असेल तर वेगळा हिशोब करावा लागतो.

टाकी तर सिमेंटची असते. मग जमीन कशाला तपासायची?

टाकी फक्त गाळ खाली बसवते आणि तवंग वर धरून ठेवते. मधलं जे पाणी पुढच्या पाइपातून बाहेर पडतं ते दिसायला बरं असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो पसरवणारे जंतू त्यात जिवंत असतात. ते पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध होतं ते टाकीनंतरच्या मातीत, हळूहळू झिरपताना. मातीचे कण जंतू अडवतात, मातीतले सूक्ष्मजीव घाण खातात. त्यामुळे अर्धं काम टाकीचं आणि अर्धं जमिनीचं असतं. जमिनीने आपलं काम केलं नाही, तर टाकी कितीही चांगली बांधा, घाण आपल्याच आवारात किंवा आपल्याच विहिरीत परत येते.

मग जागेवर नेमकं काय पाहायचं?

टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा किंवा शोषचर (खडी भरलेला लांब, अरुंद चर) जिथे करायचा विचार आहे तिथेच जेसीबीने अडीच-तीन मीटर खोल चाचणी खड्डा घ्या. पाया खणायला मशीन येणारच असतं, त्याच दिवशी हे काम उरकतं. खड्ड्याची उभी भिंत नीट बघा. वरची माती किती फुटांची आहे, ती कुठे बदलते, मुरूम कुठे लागतो, कातळ कुठे लागतो, हे टेपने मोजून वहीत लिहा. सैल बाजू अंगावर कोसळते, म्हणून खोल खड्ड्यात उतरू नका. मशीनने काढलेले ढेकळं वर घेऊन तपासा.

ढेकळांत गंजासारखे तांबूस-पिवळे डाग आणि मधून मधून राखाडी माती दिसली, तर वर्षातले काही महिने तिथे पाणी साचून राहतं असं समजा. भर उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत असला तरी हे डाग खोटं बोलत नाहीत. काळ्या मातीत ते सहज दिसत नाहीत, म्हणून तिच्याखालचा थर बघावा. आसपास लव्हाळा किंवा पाणकणीस माजलेलं असेल तर तीही तीच खूण.

आमची जमीन काळी, कसदार आहे. चांगलीच असणार ना?

पिकाला चांगली. सांडपाण्यासाठी तिच्याइतकी फसवी जमीन नाही.

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण खूप असतं. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे निफाड, येवल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओता, भेगांमधून भर्रकन निघून जाईल. मिस्त्री म्हणेल, बघा, किती छान जिरतंय! मृग-आर्द्रा बरसले की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन मेणासारखी होते.

हे मी आमच्याच घरी शिकलो. मे महिन्यात वडिलांनी आणि मी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं, दहा मिनिटांत ते दिसेनासं झालं आणि आम्ही निश्चिंत झालो. पहिल्याच श्रावणात शोषखड्डा तुंबला, मग टाकी भरली आणि पाणी संडासाच्या भांड्यातून वर आलं. सणाच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आईने त्या आठवड्यात काय काढलं ते मी विसरलेलो नाही. वाळलेल्या काळ्या मातीत पाणी ओतून निर्णय घेऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो ते त्यामुळे.

माती किती चिकण आहे हे हाताने कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा-तर्जनीत दाबत तिची पट्टी काढा. पट्टी निघालीच नाही, लगेच तुटली, तर माती रेताड. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब, चकचकीत पट्टी निघाली तर माती भारी चिकण, तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा. मधलं काही असेल तर पुढची चाचणी करा.

पाणी जिरण्याची चाचणी घरच्या घरी कशी करायची?

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २४७०, भाग २ (१९८५) मध्ये दिलेली पद्धत सोपी आहे. बादली, मोजपट्टी, घड्याळ आणि दोन दिवसांचा धीर एवढंच लागतं.

शोषचराचा तळ जितका खोल येणार आहे तितक्या खोलीवर १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा उभ्या बाजूंचा खड्डा घ्या. पहारीने किंवा खुरप्याने बाजू आणि तळ खरवडून घ्या, कारण खणताना माती लिंपली जाते आणि छिद्रं बुजतात. सुटी माती काढून तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी घाला. आता खडीच्या वर किमान ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि खड्डा तसाच राहू द्या. माप घ्यायचं ते पाणी भरल्यानंतर २४ तासांनी. मातीला फुगायला मिळालेला हा वेळच या चाचणीचा प्राण आहे, आणि नेमकं तेवढंच लोक टाळतात.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल तर पातळी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा आणि ३० मिनिटांत ती किती उतरते ते मोजा. पाणी शिल्लक नसेल तर १५ सेंटिमीटर भरा, दर ३० मिनिटांनी उतार मोजा, पुन्हा १५ पर्यंत भरा, असं चार तास करा. शेवटच्या अर्ध्या तासाचा उतार हिशोबात धरायचा. रेताड जमिनीत अर्ध्या तासाआधीच सगळं पाणी संपत असेल, तर दर १० मिनिटांनी एक तासभर मोजा.

एकाच खड्ड्यावर विसंबू नका. जागेच्या दोन-तीन टोकांना करा. आपल्याकडे वीस पावलांवर माती बदलते.

आकडा आला. आता त्याचं काय करायचं?

पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात, तो जमिनीचा वेग. शेवटच्या अर्ध्या तासात ४० मिलिमीटर उतरलं, तर २५ मिलिमीटरला साधारण १९ मिनिटं. २० मिलिमीटर उतरलं तर साडेसदतीस मिनिटं. ८ मिलिमीटरच उतरलं तर ९४ मिनिटं.

मानकाप्रमाणे ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा किंवा शोषचर दोन्ही चालतात. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर फक्त शोषचर. ६० च्या पुढे गेलं की पाणी जमिनीत जिरवण्याचा विचारच सोडायचा. शिवाय भूजल १.८ मीटरच्या आत येत असेल, तर वेग चांगला असूनही चर जमिनीच्या वर, मातीच्या उंचवट्यात करावा लागतो.

चर किती लांब लागेल तेही काढता येतं. २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागा. एक चौरस मीटर तळातून रोज तेवढे लिटर पाणी जिरवता येतं. समजा वेग २५ मिनिटं आहे. वर्गमूळ ५, म्हणजे सुमारे ४१ लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी ५५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी झालं, तर रोजचे २२० लिटर. त्याला साधारण साडेपाच चौरस मीटर तळ, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीचा ९ मीटर लांब चर. वेग ४९ मिनिटं असेल तर तोच चर जवळपास १३ मीटर होतो. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, पार्किंग आणि विहीर सोडून एवढी जागा उरते का, हे कागदावर आखूनच बघा.

आम्हाला चार फुटांवर मुरूम लागला. पाणी धडाधड जिरतं. मग काय अडचण?

नाशिकच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच जागेची. पाणी जिरतं म्हणजे जागा पास, असं सगळे धरून चालतात. ते पाणी कुठे जातं हे कोणी विचारत नाही.

आपला सगळा जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचलेले आहेत. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मध्येच विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र थर, कुठे गेरूसारखी लाल पट्टी, आणि खाली घट्ट काळा पाषाण. आपल्या विहिरींना पाणी येतं ते याच भेगांमधून आणि मांजऱ्यातून. शोषखड्डा त्या थरापर्यंत नेला की सांडपाणी त्याच वाटेला लागतं. भेगेत माती नसते, त्यामुळे गाळण होत नाही. मातीच्या मीटरभर थरात ज्याची बरीच शुद्धी झाली असती, ते पाणी भेगेतून जसंच्या तसं कितीतरी लांब जाऊ शकतं. म्हणूनच भेगाळ खडकात असं पाणी जिरवू नये, असं तेच मानक सांगतं.

घट्ट, मातकट मुरुमाचा जाड थर असेल आणि चाचणीत पाणी बेताच्या वेगाने उतरत असेल, तर ती जागा चांगली. पण मुरूम मोकळा असेल, त्यात दगडाचे सांधे दिसत असतील आणि बादलीभर पाणी क्षणात गडप होत असेल, तर तिथे थांबा. चराचा तळ आणि भेगाळ खडक किंवा पावसाळ्यातलं भूजल यांच्यामध्ये निदान दोन मीटर माती राहील असं पाहा. तेवढी खाली मिळत नसेल तर चर उथळ करा, नाहीतर वर उचला.

विहिरीपासून किती अंतर ठेवायचं?

मानकात पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर सांगितलं आहे. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागू आहे, कुंपणाने जमिनीखालचं पाणी अडत नाही. हे आकडे मातीच्या जमिनीसाठी आहेत; खडक भेगाळ असेल तर १८ मीटरवर समाधान मानू नका, जागा परवानगी देईल तितकं लांब जा आणि विहीर चढाला, शोषचर उताराला ठेवा. बहुतेकदा जमिनीचा उतार तोच भूजलाचाही उतार असतो, पण बेसॉल्टमध्ये भेगा भलतीकडे वळलेल्या असू शकतात.

इगतपुरी-त्र्यंबककडे फार्म हाउससाठी प्लॉट बघतोय. काही वेगळं?

बरंच वेगळं. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; येवला, नांदगाव, मालेगावकडे ६०० च्याही खाली. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे, त्यामुळे सिन्नरच्या पाहुण्याकडे चाललेला नमुना घाटमाथ्यावर चालेलच असं नाही.

तिकडे उतारावर माती पातळ, हातभर खणलं की कातळ. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, म्हणजे भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. उतारावर चर खणला आणि खाली कातळ असला की सांडपाणी त्या कातळावरून घसरत खालच्या बांधातून पाझर फुटल्यासारखं बाहेर येतं. तीव्र उतार शोषचरासाठी टाळावा, आणि मध्यम उतारावर चर नेहमी उताराला आडवा, समपातळीत खणावा.

भाताच्या खाचरांचे प्लॉट पाडले असतील तर विशेष सावध राहा. वर्षानुवर्षं चिखलणी करून त्या जमिनीच्या पोटात घट्ट थर तयार झालेला असतो. पाणी साचून राहावं म्हणूनच ती जमीन तशी केलेली असते. विकणाऱ्याने वर दोन-तीन फूट मुरूम टाकून सपाट केलं असेल तर वरून काहीच कळत नाही. भराव न बसलेली जागा चाचणीलाही घेऊ नये, खालच्या मूळ जमिनीपर्यंत खणा.

आणि हा गोदावरीच्या उगमाचा परिसर आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला जे जमिनीत सोडू ते गंगापूर धरणाच्या वाटेवर असतं.

निफाडकडे पाऊस कमी आहे, मग भूजलाची भीती नसावी?

कालव्याखालची जमीन असेल तर आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं की कालव्यालगतच्या विहिरींची पातळी वर येते, तेव्हा पाऊस नसला तरी. अशा जमिनी काही ठिकाणी चोपण झालेल्या असतात. चोपण मातीत कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, पाणी वरच तरंगत राहतं. पातळी मोजायची तर आवर्तन चालू असताना मोजा. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषाही पाहून घ्या.

गवंडी म्हणतो, टाकीचा तळ उघडा ठेवू, कधी उपसावी लागणार नाही.

त्याला हात जोडून नाही म्हणा. गावागावांत लोक अभिमानाने सांगतात, आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही. नीट चालणाऱ्या टाकीत गाळ साचतोच, ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागतेच. वीस वर्षांत भरली नाही, तर मैला खालून जमिनीत गेला. गवंड्याचा हेतू वाईट नसतो, त्याला उपशाचा खर्च वाचवायचा असतो. पण टाकीचा तळ आणि भिंती पाणी धरणाऱ्याच हव्यात. बांधून झाल्यावर पाणी भरून दिवसभर ठेवा. पातळी उतरली तर गिलावा दुरुस्त करून घ्या, मगच वापर सुरू करा.

जुनी कोरडी बोअर आहे, त्यात सोडलं तर?

कधीही नाही. पडकी विहीरही नाही. बोअर म्हणजे मातीचा सगळा गाळणीथर ओलांडून थेट पाण्याच्या थरात उतरलेली नळी. एका घराने असं केलं तर आजूबाजूच्या सगळ्या बोअर बिघडू शकतात, आणि एकदा बिघडलेला थर पुन्हा धुता येत नाही.

टाकी केवढी बांधायची?

पाच माणसांसाठी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. दहा माणसांना दोन मीटर बाय ९० सेंटिमीटर. कोणत्याही टाकीत किमान १,००० लिटर मावायला हवं. मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल अशा जागी झाकण ठेवा.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत घ्यायचं का?

जमीन जेमतेम पास झाली असेल तर घेऊ नका. ते पाणी वेगळं काढून तेलकट-खरकटं अडवणारी छोटी जाळी-कुंडी करा आणि केळी, कर्दळ, अळूच्या वाफ्याला द्या. टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो आणि शोषचर जास्त वर्षं टिकतो.

जागा नापास झाली तर घरच बांधायचं नाही का?

बांधायचं. पद्धत बदलायची.

भूजल वर असेल किंवा खडक जवळ असेल तर जमिनीच्या वर वाळू-मातीचा उंचवटा करून त्यात चर घालता येतो. माती अगदीच जिरवत नसेल तर टाकीनंतर खडीची उलट्या प्रवाहाची गाळणी बांधतात. पाणी खालून वर चढतं, खडीवरचे सूक्ष्मजीव घाण कमी करतात. त्यातून निघालेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडता येतं, पण त्यातही जंतू असतात. पालेभाजीला किंवा मुलं खेळतात तिथे नको. गाई-म्हशी असतील तर संडास गोबर गॅसला जोडण्याचा पर्याय महाराष्ट्रातल्या खेड्यांना नवा नाही.

सरकारी योजनेतला दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा की टाकी?

छोट्या कुटुंबाला, मातीची जाडी चांगली असेल आणि पाणी खोल असेल तिथे दोन खड्डे मला जास्त आवडतात. एक भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. आतलं खत होतं. दोन्ही खड्डे एकाच वेळी मात्र वापरू नका. स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहन मिळतं, ग्रामपंचायतीत चौकशी करा. जमिनीचे नियम इथेही तेच. काळ्या मातीत आणि भेगाळ खडकात दोन खड्डेही त्रास देतात.

शेजाऱ्याची टाकी चढाला आहे आणि आमची विहीर उताराला. कसं कळणार?

पाणी तपासून. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारा, जंतुतपासणीची बाटली मिळते; खात्रीसाठी नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक आणि उन्हाळ्यात एक, असे दोन नमुने घ्या. पाणी दूषित निघालं तर उकळून प्या, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका आणि मग शेजाऱ्याशी बोला. भांडणाने टाकी हलत नाही. अहवाल समोर ठेवून बसलात तर बहुतेक लोक ऐकतात, त्यांचीही मुलं त्याच गावचं पाणी पितात.

टाकी माणूस उतरवून साफ केली तर चालेल?

नाही. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असं काम करून घेणं गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी बोलवा, आणि ती भरलेला मैला कुठे रिकामा करते तेही विचारा.

प्लॉट घेण्याआधी विकणाऱ्याला काय विचारू?

सातबारा बघताना पीकपाहणीही बघा; भात लागलं असेल तर वरचं उत्तर पुन्हा वाचा. भराव किती आणि केव्हा टाकला ते विचारा. आसपासच्या विहिरीत श्रावण-भाद्रपदात पाणी कुठवर असतं, हे विकणाऱ्यापेक्षा शेजारच्या शेतातल्या आजींना विचारा, त्या पायरीवर बोट ठेवून सांगतील. चाचणी खड्डा घेण्याची परवानगी विसार देण्याआधी मागा.

चाचणी कोणत्या महिन्यात करायची?

भाद्रपदात, जमीन पोटभर प्यालेली असते तेव्हा. चार दिवस उघडीप मिळाली की खड्डा घ्या. काम उन्हाळ्यातच करावं लागत असेल, तर काळ्या मातीचा खड्डा एकदा भरून थांबू नका. दोन-तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालून तो भिजत ठेवा, भिंतींतल्या भेगा मिटल्या की नाही ते बघा, आणि मगच घड्याळ लावा.